पितळी दांडा

३ ऑक्टोबर १९६१
आलो एकदाच्या! कुरणांतलं पाणी उपसणाऱ्या या पंपघराची राखण आता माझ्याकडे, आणि वरच्या दोन खोल्या मला नि माझ्या बहिणीला, आउक्येला. धाकटीने आल्याआल्या खिडक्या उघडल्या, वाटाण्याचं सूप रटरटत ठेवलं. चहूकडे कुरणं, कालवे, बांध. आधीचे राखणदार डौवेकाका इथे तीस वर्षं होते. किल्ल्या देताना त्यांनी एकच गोष्ट बजावली. जमिनीखालून कधीमधी ठोके येतात, घाबरायचं नाही. भिंतीवरचा पितळी दांडा खाली ओढला की पाणी वळतं, ठोके थांबतात.

९ ऑक्टोबर
आज दुपारी आले ठोके. हलके, दाराशी कुणी आल्यासारखे. दांडा ओढला, दहा मोजेपर्यंत बंद! आउक्ये म्हणाली, "अगं, यापेक्षा आपला जुना घरमालक जास्त आदळआपट करायचा." दोघी पोट धरून हसलो.

१७ ऑक्टोबर
ठोके रोजचेच, सवय झाली. आज अभियंता तपासणीला आला. मी दांड्याला तेल घालताना पाहून त्याला हसू आवरेना. "बाई, कशाला कष्ट घेता? याची तार युद्धातच तुटली. कशालाच जोडलेला नाही हा." मग ठोके थांबतात कसे, असं विचारलं. कसले ठोके, म्हणाला. खाली नळबिळ काही नाही, नुसती माती.

१८ ऑक्टोबर
दांडा ओढला. थांबले नाहीत. शंभर मोजले. मी चालेन तिथे पायाखाली सरकत होते. मग आउक्येने ओढला, आणि थांबले. तार तुटल्याचं तिला सांगितलेलं नाही.

२१ ऑक्टोबर
फरशीच्या सांध्यांतून काळा चिखल वर येतोय. आउक्येला म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता गाव गाठू. ती दांड्याशी विणकाम घेऊन बसलेली. "इतकी काय घाबरतेस? मी आहे ना इथे. आले की ओढते." हलायलाच तयार नाही.

२३ ऑक्टोबर
फरशी दोन ठिकाणी उचकटली. खालून बोटं — चिखलाची — पुष्कळ. आउक्ये अजून हसतेय. शेवटी ओरडून सांगितलं. तार तुटलेली आहे, कधीचीच —
तिने दांडा सोडला. आणि ठोके दुप्पट.

तोच दिवस, संध्याकाळ
जिना खचला. दार चिखलाने घट्ट बसलंय. दोघी खालीच अडकलोय, टेबलावर. तिला श्वास घेता येईना. म्हणून मनचंच म्हटलं, मी लिहितेय तोवर ते वर येत नाही, बघ. तिने पाहिलं. शांत झाली. माझ्या खांद्याला टेकून म्हणते, "लिही. थांबू नकोस."
लिहितेय. टेबलाचा पाय हलला — लिहितेय गं, आउक्ये, लिहि