तीन महिन्यांची जागा

वर्सोवा, ९ नोव्हेंबर

प्रिय रत्नप्रभा मावशी,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे तुझ्या कृणालच्या हाती मढला पाठवते आहे. यंदा बोंबील चांगला लागला. आम्ही ठीक आहोत.

ठीक नाही आहोत. आईचं आतड्याचं ऑपरेशन झालं ते तुझ्या कानावर आलं असेल. तो कॅन्सर होता. आता यकृतात पोचला आहे. दोन गाठी, काढता येण्यासारख्या.

दुर्बिणीने काढल्या तर छेद लहान, माणूस लवकर उठतं. पोट उघडून काढल्या तर तीन महिने जड उचलायचं नाही. आजार परतण्याचा धोका दोन्हींत साधारण सारखाच. एरवी मीही दुर्बीणच म्हटलं असतं. पण आईची एक गाठ मागे, मोठ्या शिरेला लागून आहे. मी दोन डॉक्टरांना दाखवलं. दोघेही म्हणतात, हिचं उघडूनच करा.

आई डॉक्टरांना म्हणाली, "भोकं पाडा, नाहीतर राहू दे. तीन महिने बसले नाही तर बाजारात माझी जागा राहील काय?"

"मावशी, जागा मोठी की जीव?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"तुम्ही बाजारात बसला नाहीत ना, म्हणून विचारता."

घरचं माणूस बसलं तर जागा राहते, हे मी तुला सांगायला नको. आजीनंतर ती आईला मिळाली आणि तू आमच्या दारात यायची थांबलीस. मी तुझं नाव काढलं तेव्हा आई म्हणाली, "रत्ना बसली की उठेल काय? त्यापेक्षा गाठ राहू दे."

हे लिहायचं नव्हतं. पण अर्धवट सांगून तुझ्याकडून होकार घेणार नाही.

काल तिला सांगितलं, मावशीला पत्र लिहिते आहे. तिने दोन ताटं आपटली. मग विचारलं, "ती अजून पापलेट महाग लावते काय?"

मावशी, तीन महिने बस. नंतर तुम्ही दोघी पुन्हा भांडा.

तू नाही म्हणालीस तर मी रजा घेऊन बसेन. घरचं कुणी बसतंय म्हटल्यावर आईला सही करावीच लागेल. मला सुरमई चिरता येत नाही, भाव करता येत नाही. गिऱ्हाईकं तुटतील, मग जागाही बहुतेक जाईल. आई मला कधीच माफ करणार नाही. चालेल. माफ न करायला ती असली पाहिजे.

तुझ्या बहिणीची मुलगी,
कल्पिता