बदकांची बंदूक

ताई,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. लेकीला उडत्या तबकड्यांच्या नेमबाजीसाठी बंदूक हवी आहे आणि "तुझ्यासारखी पारख कोणाला आहे? तूच निवड," म्हणतेस.

दुकानात गिऱ्हाइकांना मी रोज हेच सांगतो. स्थिर निशाणाला रायफल, उडत्याला छर्ऱ्याची बंदूक. त्यातही लांबच्या बदकांना आवळ तोंडाची नळी, छर्रे एकगठ्ठा जातात. जवळच्या तबकडीला मोकळ्या तोंडाची, म्हणजे छर्रे पसरतात आणि नेम जरा हुकला तरी भागतं.

हे मला तेव्हाही ठाऊक होतं, ताई.

सरावात तू माझीच बंदूक घेऊन माझ्यापेक्षा जास्त तबकड्या फोडायचीस. बाबा गावभर सांगत सुटले होते. ते माझ्या डोळ्यांत खुपलं. स्पर्धेच्या सकाळी "तुझ्यासाठी खास आणली," म्हणून मी तुझ्या हातात आवळ तोंडाची, बदकांची बंदूक दिली. पंचवीसांतल्या चार फुटल्या. "जाऊ दे रे, माझा हातच तसा नाही," म्हणालीस आणि पुन्हा बंदुकीला शिवली नाहीस. मी जिंकलेला कप मात्र बाबा गेल्यावर तू हौसेने घरी नेलास. अजून पुसतेस म्हणे.

पत्राच्या शेवटी लिहिलंयस, "पोरीचा हात माझ्यावर गेला नाही म्हणजे मिळवलं."

मोकळ्या तोंडाची बंदूक खोक्यात बांधून ठेवली आहे. हे पत्र त्या खोक्यात तीनदा घातलं, तीनदा काढलं. आता ते माझ्याकडेच ठेवून चिठ्ठीवर एवढंच लिहितो: पोरीचा हात आईवरच जाऊ दे.

तोंड दाखवायला लाजणारा,
तुझा धाकटा