मागे पडणारा धूमकेतू

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या चष्म्याच्या दुकानात नवीन यंत्र आलं आणि तू पहिल्यांदा स्वतःचेच डोळे तपासलेस, हे वाचून खूप हसले. इकडे वेधशाळेत सगळे त्या धूमकेतूच्या मागे आहेत. तो पृथ्वीजवळून कधी आणि किती अंतरावरून जाणार, हे गणित साहेबांनी माझ्यावर सोपवलंय. खरं तर आमचे हे इथे माझ्याआधीपासून नोकरीला, पण काम मिळालं मला. हे त्यावर चकार शब्द बोलले नाहीत.

आता मनातलं. रोज संध्याकाळी धूमकेतूचे फोटो घेतात. त्यावरून त्याची जागा मोजायचं काम ह्यांचं. ती जागा माझ्या गणिताशी जुळत नाही. आधी फरक जेमतेम होता, आता वाढत चाललाय आणि नेहमी एकाच बाजूला. धूमकेतू मागेच पडतोय. चुका इकडेतिकडे होतात रे, एकाच दिशेने कशा होतील? कुणी मुद्दाम... पुढे लिहवत नाही. परवा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, की बाईंच्या गणितात गडबड दिसते. हे मान खाली घालून बसले होते.

काय करू, ते लगेच कळव. वहिनीला नमस्कार.

तुझी,
ठमी

१० फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून घास गोड लागेना. तुझी वहिनी म्हणते, ठमी पहिल्यापासून संशयी, पेन्सिल हरवली तरी घरभर झडती घ्यायची. पण मला विचारशील तर जावईबापू जरा जास्तच शांत आहेत. अशा माणसाच्या पोटात काय आहे, कधी कळायचं नाही.

भांडू मात्र नकोस. दुसऱ्या वेधशाळेत तुझी मैत्रीण आहे ना? तिच्याकडून त्यांची मोजमापं गुपचूप मागव. जावईबापूंचे फोटो तूही एकदा मोजून बघ. आणि धूमकेतूचं तेज मोजणारा माणूस वेगळा आहे असं तू म्हणाली होतीस. त्याचे आकडे तरी तुझ्या अंदाजाशी जुळतात का?

जेवणाची हयगय करू नकोस. माया आहेच.

तुझा,
दादा

२४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मला तोंड लपवायला जागा नाही. मैत्रिणीची मोजमापं आली. तिथूनही धूमकेतू मागेच पडलेला दिसतोय, अगदी तेवढाच. तेजही अंदाजापेक्षा जास्त निघालं. सूर्याच्या उष्णतेने त्याच्यातून वायूचे जोरदार झोत सुटतायत आणि तेच त्याला मागे ढकलतायत. तो धक्का मी गणितात धरलाच नव्हता!

त्याआधी एका दुपारी मी दार लोटून ह्यांचे फोटो मोजत होते. हे अचानक आत आले. स्क्रीनवर ऊन येत होतं म्हणून पडदा ओढला आणि निघून गेले. आकडे ह्यांच्याशी तंतोतंत जुळले.

आणि मैत्रिणीने भोळेपणाने पाकिटावर आम्हा दोघांची नावं घातली. ते ह्यांनीच फोडलं. ‘तुला मोजणाऱ्याची शंका आली होती, पण माणूस चोख आहे,’ असं तिने सरळ लिहिलं होतं. ह्यांनी कागदाची घडी माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि स्वतः भाजी वाढून घेतली. मी माफी मागितली, तर म्हणाले, की चूक आपलीच असेल असं वाटून तेही सगळे फोटो पुन्हापुन्हा मोजत होते. एकदा तरी ओरडायचं की नाही या माणसाने?

तुझ्यावर राग नाही. थोडा आहे.

तुझी,
ठमी

९ मार्च

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

मी एरवी पत्र लिहीत नाही, म्हणून दचकू नये. घरी सगळं ठीक. नव्या गणिताने सांगितलेल्या जागीच काल संध्याकाळी धूमकेतू सापडला. साहेबांनी ठमीला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मीही मनापासून टाळ्या वाजवल्या.

मोजमापं गुपचूप मागवायची कल्पना कुणाची, हे ती बोलली नाही. मी ओळखलं. बहिणीची काळजी वाटणारच, त्याबद्दल तक्रार नाही.

एकच सांगतो. मी आकडा सांगितला की ती विचारते, नक्की ना? लग्न झाल्यापासून विचारत आली आहे. मला ते कधी ऐकूसुद्धा आलं नव्हतं. काल ऐकू आलं, शंकेसारखं. मी उत्तर देता देता थांबलो आणि तिला ते दिसलं. तिने पेन खाली ठेवलं, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि कालचा फोटो आम्ही दोघांनी मिळून पुन्हा मोजला.

आपला लोभ आहेच, आता थोडा भरवसाही असू द्यावा.

आपला,
मेहुणा