साक्ष दिल्यावर

४ नोव्हेंबर, मंगळवार

चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या बाईंचा नवरा आज ऑफिसात आला. बेकरीतून थेट, हाताला पीठ तसंच. बसलाच नाही. "पाळकसाहेब, ती अंघोळ करत नाही, झोपत नाही. काल म्हणाली, मी नसले तर तुम्ही सगळे सुटाल."

म्हटलं, अहो, डॉक्टरांकडे न्या की! तर तो म्हणाला, "साक्ष द्यायला तुम्हीच उभं केलंत ना तिला?"

केलं. भर उपासनेत. प्रार्थनेनं मन बरं झालं, गोळ्या सोडल्या, असं ती बोलली आणि मंडळीनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी!

५ नोव्हेंबर

तिच्याकडे गेलो. पडदे ओढलेले. मला बघून हसली — रविवारी हसते तसंच. डॉक्टरांचा विषय काढला तर म्हणते, "साक्ष दिलीय मी. आता गोळी घेतली तर देव खोटा ठरेल." हे तिला शिकवलं कुणी? मीच, दुसरं कोण!

निघताना नवऱ्याला बजावलं, क्षणभरही एकटी सोडू नका.

घरी येऊन बुटांसकट पलंगावर पडलो. जेवण नको म्हटलं. बायको म्हणाली, "रोजचंच झालंय हे तुमचं." तिला काय सांगू, एका जिवाचा घोर लागलाय.

६ नोव्हेंबर

प्रार्थनेला बसलो. शब्दच नाहीत. नुसताच बसून राहिलो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चर्चच्या पंचांची बैठक. ज्येष्ठ पंचांचं म्हणणं, "तिची पुन्हा साक्ष घ्या, मंडळीचा विश्वास वाढतो." म्हटलं, आणि तिनं जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर? "पाळकांनी असं अभद्र बोलू नये." तेवढ्यात चहा आला. विषय संपला! टेबलावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. तेवढंही त्राण नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार

साक्षीच्या वेळी मीच उभा राहिलो. तिचं नाव घेतलं नाही. म्हणालो, औषध सोडल्याच्या साक्षीला मी टाळ्या वाजवल्या, ती चूक माझी. गोळी घेतल्यानं कुणाचा विश्वास कमी होत नाही.

एकही टाळी नाही. ज्येष्ठ पंच उठून गेले. ती पियानोशी पाठमोरी बसलेली. शेवटचं गीत तिनं वाजवलंच नाही.

काय करून बसलो मी? नाव न घेताही लोकांना कळलंच असणार, कोण ते! मला काहीच धड जमत नाही. फोन वाजला तरी धस्स होतं.

१० नोव्हेंबर

तिचाच फोन. "येते डॉक्टरांकडे. पण तुम्ही शेजारी बसायचं."

११ नोव्हेंबर, मंगळवार

नवरा बाहेर थांबला, मी तिच्या शेजारी. डॉक्टरबाई एकेक विचारत गेल्या. झोप लागते का? भूक? सकाळ झाली की नकोसं होतं का? आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटतं का? ती हळूहळू सांगत होती. तिची उत्तरं माझीच असल्यासारखी माझी मान कधी हलायला लागली, मला कळलंच नाही.

गोळ्यांची चिठ्ठी तिच्या हातात देऊन डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा. पाळकसाहेब, तुम्ही थांबा."