खजिना सापडला, पोरं हरवली

१० जुलै

चि. खारूताईस आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ‘बरं आहे’ यापलीकडे काही बोलत नाहीस, म्हणून हे पत्र.

आमच्या प्राचार्यांनी नव्या मुलांचा स्वागत-सप्ताह माझ्या गळ्यात मारलाय. दरवर्षी पहिल्या सहामाहीतच कितीतरी पोरं कॉलेज सोडून जातात. प्राचार्यांचं म्हणणं, सुरुवातच अशी झोकात करा की कुणाचा पाय निघू नये. आता मी पडले रसायनशास्त्राची बाई. कुठला क्षार पाण्यात विरघळतो ते झोपेतही सांगेन. पोरं कॉलेजात का रमत नाहीत, हे मला कुठलं कळायला?

त्यातच काल तुझ्या बाबांचा फोन. कॉलेज सुरू होऊन महिना नाही झाला आणि तू सोडायचं म्हणतेस! दादा म्हणाला, लोकांची पोरं टिकवायला निघालीस, आधी आपली टिकव. कुणी त्रास देतंय का? अभ्यास जड जातोय? की भलतंच काही? माझं डोकं चालेनासं झालंय. खरं काय ते कळव. रागावणार नाही, आणि रागावलेच तरी तुला ऐकू येणार नाही.

माझा लोभ आहेच, थोडा तुझ्याकडूनही यावा.
तुझी आत्या

१७ जुलै

ती. आत्यास खारूचा सा. न. वि. वि.

का सोडायचंय ते मलाच कळत नाहीये गं. कुणी वाईट नाही. आमचंही स्वागत दणक्यात झालं. फुगे काय, ढोल काय! मग प्रत्येकाने माइकवर आपली एक खासियत सांगायची. मी घाबरून म्हटलं, मला शीळ वाजवता येते. वाजव म्हणाले. नुसती हवा निघाली. सगळे हसले, त्याचंही काही नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यातलं कुणी मला ओळखेना.

आणि वर्ग कुठं ते सांगायलाही कुणी नव्हतं. मी भलत्याच वर्गात शिरले. भूगर्भशास्त्र! उठायची लाज वाटली म्हणून तास संपेपर्यंत मान खाली घालून खडकांची टिपणं काढली. वाणिज्य शाखेची मी!

जेवणाचं तर विचारूच नकोस. ताट घेऊन उभी राहते, प्रत्येक टेबल आपल्याच गप्पांत असतं. कुठं बसू ते कळत नाही. मग बिस्किटांचा पुडा घेऊन खोलीत जाते. बाबांना सांगू नकोस, ते म्हणतील एवढ्यासाठी? एवढ्यासाठीच असेल का गं? बॅग अजून उपसलेली नाही. सहामाहीच्या सुट्टीत घरी आले की परत जायचं नाही, असं ठरवलंय. म्हणजे बहुतेक.

तुझ्या लोभाला धरून असलेली,
खारू

२ ऑगस्ट

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

माझ्या सप्ताहाची गंमत ऐक. पहिल्याच दिवशी खजिन्याचा शोध ठेवला. ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान, सगळं आपोआप पाहून होईल, केवढी माझी हुशारी! शेवटची खूण मुख्य फाटकाशी. फाटकासमोर बसथांबा. पोरांनी खजिन्यातलं पेन घेतलं, समोर बस उभी दिसली, चढली आणि गेली घरी. इकडे सभागृहात प्राचार्य भाषणाचा कागद घेऊन रिकाम्या खुर्च्यांसमोर. त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की खजिना सापडला, पोरं हरवली.

मग तुझं ताट आठवलं. उरलेली भाषणं रद्द केली. पाच-सहा नवी पोरं आणि एक वरच्या वर्गातलं, असं एकेक टेबल नेमून दिलं. रोज तिथंच जेवायचं आणि एकमेकांना वर्गापर्यंत सोडायचं. मीही ताट घेऊन गेले. मधोमध उभी राहिले, तर मला कुणी बोलवेचना! कुठं बसू तेच कळेना बघ. या वयात, माझ्याच कॉलेजात!

यंदा पोरं टिकतायत असं वाटतंय. कशामुळे, देव जाणे. एकाला विचारलं, तर म्हणाला, हरवलेली छत्री सापडली की जाणार आहे. आता ती सापडू नये म्हणून मी काय करू?

पण तुझ्या कॉलेजात मी टेबल कसं नेमू? यायचंच असेल तर ये, दार उघडं आहे. त्याआधी माझ्यासाठी एकदा बघ, ताट घेऊन उभं असलेलं दुसरं कुणी दिसतंय का. एवढ्या गर्दीत तू एकटीच कशी असशील?

लोभ तर आहेच, काळजीही आहे.
आत्या

२५ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू म्हणालीस म्हणून बघितलं. पाण्याच्या पिंपाशेजारी एक मुलगी ताट घेऊन उभी. जवळ गेले खरी, पण बोलायचं काय? काही सुचेना, म्हणून विचारलं, खडकांबद्दल काही माहिती आहे का. ती पांढरीफटक पडली. आत्या, ती माझ्याच वर्गातली निघाली! त्या दिवशी माझ्या मागच्या बाकावर बसून भूगर्भशास्त्र लिहीत होती. मी एवढी मन लावून लिहितेय म्हणजे वर्ग बरोबरच असणार, असं तिला वाटलं. तिथंच उभ्याने आम्ही इतक्या हसलो की ताटातली भाजी सांडली.

तिचीही बॅग भरलेली. शनिवारी जाणारच होती. मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांब. का, म्हणाली. मी ठोकून दिलं, की सोमवारी मला ग्रंथालयात उशीर होणार, जेवायला माझी जागा कोण धरणार? सोमवारी गेले, तर ही शेजारच्या खुर्चीवर वही ठेवून बसलेली, कुणाला हात लावू देईना.

तेव्हापासून रोज धरते. कॉलेज आवडतंय का, ते विचारू नकोस, अजून कळत नाही. पण सुट्टीत येईन ती परतीचं तिकीट काढूनच. नाहीतर ती खुर्ची धरून बसेल आणि मी इथं परतणारच नाही.

लोभ आहे तिथंच असू दे. मीही आहे इथंच.
खारू