कंपाउंडरच्या पडवीतले औषध

मी, सुभद्रा हरी रिसबूड, वय वर्षे एकसष्ट, राहणार चिंचवड, तालुका हवेली, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वहस्ते लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. मनाबद्दल तसे लिहवत नाही. याआधी मृत्युपत्र केले नाही, कारण देण्यासारखे जे होते ते रोज दुपारी देऊन संपत असे.

१. घर. माझे वडील, दादा, खडकीच्या लष्करी इस्पितळात कंपाउंडर होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी हे घर बांधले आणि पडवीवर 'दवाखाना' अशी पाटी लावली. वैधव्य आल्यावर मी इथेच परतले. दादा गेल्यानंतरही म्हातारी माणसे रिकाम्या बाटल्या घेऊन येत राहिली. त्यांचा आजार नाडी न बघता कळे. त्यांना भूक लागलेली असे. पण आई परक्याच्या दारात जेवते म्हटले की मुलाला गावात मान वर करता येत नाही. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर ॲग्नेस फी माफ असलेल्या मुलींना दुधाचा पेला देत आणि त्याला 'टॉनिक' म्हणत. आम्ही फी भरणाऱ्या मुली त्या टॉनिकचा हेवा करत असू. ते आठवून मीही औषध देऊ लागले. आधी चमचाभर ओव्याचा अर्क, मग भाकरी-आमटी. दात नसतील त्यांना पेज.

सगळ्या गावाला ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. दत्तोबा गवंडी पाटावर बसता बसता म्हणायचा, "बाई, आज खोकला लई हाय. मोठा डोस द्या." आणि खाऊन झाल्यावर, "औषधात मीठ कमी पडलं, गुण यायचा न्हाई."

हे घर मी माझा भाचा यशवंतराव यास देते. (त्याला कारखान्याच्या कामगारांसाठी खोल्या काढायच्या आहेत. "आत्या, खानावळच चालवायची तर पैसे तरी घे," असे तो पाटासमोर, सर्वांच्या देखत म्हणाला होता. त्या दिवशी तीन माणसे अर्धे ताट टाकून उठली. मी विसरलेले नाही.) परंतु पडवी व स्वयंपाकघर यांची वहिवाट माझ्याबरोबर इथली चूल सांभाळणारी शेजारीण मदिना हनीफ शेख हिच्याकडे ती हयात असेतो राहील. तिथे भिंत घालू नये, कुलूप लावू नये.

२. दादांचा खल, बत्ता, मापाचा पेला व बाटल्या मदिनाला. यशवंताने लहानपणी त्या खलात तंबाखू कुटला होता. त्याने खलावर हक्क सांगू नये. बँकेत जे असेल ते पडवीच्या धान्याला.

३. पाटी. ही काढावी की ठेवावी याचा निर्णय मला झोपू देत नाही, म्हणून कारण लिहिते.

थेरगावची आक्काबाई नदी ओलांडून रोज येत असे. तिचा मुलगा मालोजी नव्या कारखान्यात लागला. पावसाळा सरताना तो पडवीत आला, पायरीवरच उभा राहिला.

"बाई, आता कंपनीचा खरा दवाखाना झालाय. आईला तिथं दावतो. लोक काय काय बोलत्यात."

"मालोजी, इथले औषध तिला मानवले आहे."

"तिथं डॉक्टर हाय, बाई."

खरे बोलले असते तर तो त्या पायरीवर शरमेने मेला असता. आक्काबाईला तिथे गोळ्या मिळाल्या. त्या डॉक्टरांचा काही दोष नाही. त्यांनी जेवणानंतर घ्या म्हणून सांगितले.

मालोजीच्या घरी वर्षानुवर्षे सून विचारी, "आत्याबाई, औषध घेतलं का?" घेतले म्हटले की तिची भाकरी थापत नसत. आता दवाखाना बदलला, प्रश्न तोच राहिला, आणि म्हातारी सवयीने "घेतलं" म्हणत राहिली. दिवाळीच्या सुमारास दत्तोबा तिला भेटून आला आणि पडवीत सांगू लागला, "आक्का म्हणती, तिकडचं औषध जेवल्याबिगर घ्यायचं नसतंय, म्हणून अजून सुरूच केलं न्हाई!" आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

मार्गशीर्षात ती गेली. तिला शेवटची आंघोळ घालताना पदराच्या गाठीत मला सगळ्या गोळ्या सापडल्या.

तिसऱ्या दिवशी मी पाटी उतरवली आणि पडवीत बसलेल्यांना म्हटले, "आजपासून औषध नाही. जेवायला या." एकही माणूस उठला नाही. दत्तोबा काठी टेकत म्हणाला, "बाई, जेवाय न्हाई येता येणार. पोरांचं नाव जातंय." रोज येणाऱ्या शालनबाईने मदिनाच्या हातातल्या परातीकडे पाहिले आणि मान फिरवली, काल त्याच हातची पेज ती प्याली होती. औषधाला जात नसते, असे दादा म्हणत. जेवणाला असते.

संध्याकाळी पाटी पुन्हा लावली. त्यानंतर निम्मीच माणसे येतात. उरलेली कुठे औषध घेतात, मला माहीत नाही.

तेव्हा पाटी ठेवावी. मला दुसरी वाट सुचली नाही. मात्र मदिनाने, जो येईनासा होईल त्याच्या घरी जाऊन चूल बघावी. औषध घेतले का, हे विचारू नये.

४. आक्काबाईची ती गाठ मी पदरासकट कापून ठेवली आहे. ती न सोडता माझ्याबरोबर चितेवर ठेवावी. हे मदिनाला तोंडीही सांगितले आहे, कारण मृत्युपत्र वाचेपर्यंत माणसाची राख झालेली असते.

५. मदिनाला आणखी काय द्यावे? गेला महिनाभर मला चुलीपाशी उभे राहवत नाही. ती दिवेलागणीला झाकलेली वाटी आणते आणि म्हणते, "बाई, दवा लाई हूं." मी घेते. कसली, ते विचारत नाही.

६. साक्षीदाराने सही पाहायची असते, मजकूर वाचायचा नसतो, असे वकील म्हणाले. म्हणून एक साक्षीदार मी मुद्दाम मालोजी निवडला. तो वाईट नाही. त्याला हा कागद कधीही वाचून दाखवू नये.

तो आता समोर बसला आहे, शिफ्टवरून तसाच आलेला. टोपी हातात घेऊन विचारतो, "आईचं काय लिवलंय का, बाई?"

घराचे आहे, असे मी सांगितले.

वरील सर्व माझ्या इच्छेप्रमाणे आहे. दोघांच्या समक्ष सही करते.

सुभद्रा हरी रिसबूड

साक्षीदार:
१. दत्तोबा रामजी गवंडी, चिंचवड (डाव्या हाताचा अंगठा)
२. मालोजी कोंडिबा जगताप, थेरगाव (सही)

चिंचवड, २३ जानेवारी १९५८