बावन्न पुरचुंड्या आणि सातवे कलम

धुळे, फाल्गुन वद्य ७, शके १८५९

तीर्थरूप अक्काच्या पायी धाकट्या पंडितचा दंडवत पोचावा. (नावाआधी 'गंगाभागीरथी' लिहावे की 'डॉक्टर', या विचारात टाकावरची शाई दोनदा वाळली. पहिली पदवी तुला बाराव्या वर्षी न मागता मिळाली, दुसरीसाठी तू पुण्यात दहा वर्षे घासलीस. तेव्हा दोन्ही गाळून आईने दिलेले नाते तेवढे ठेवले आहे.) तुझा गुडघा आता काय म्हणतो? इकडे सर्व खुशाल. चारही मुले जेवतात, भांडतात आणि मी दिसलो की रूपे पाठ म्हणू लागतात. सौ. वच्छलेची प्रकृती नेहमीसारखी, म्हणजे ती काही सांगत नाही आणि मी ती उत्तम आहे असे धरून चालतो.

तुझे दोनशे छापील फॉर्म पोचले, त्याबद्दल तुझे उपकार कोणत्या शब्दांत मानावेत हे या पत्राच्या शेवटापर्यंत सुचले तर लिहीन. कमिटीची हकिकत तुला ठाऊक आहेच. आमच्या पेठेत शिकलेली सुईण नेमावी की नाही, हे ठरवायला नगरपालिकेने कमिटी नेमली, आणि संस्कृत शिकवणाऱ्याला दुसरे काम नसते या सर्वमान्य समजुतीने मला तिचे चिटणीस केले. अध्यक्ष रतिलालशेठ, कापसाच्या जिनचे मालक. त्यांचे म्हणणे एकच: "आपल्या बायकांची तक्रारच नाही, मास्तर. असेल तर आकडे आणा." ठरावाची कलमे सात. सहा साधी होती, म्हणजे सुईण, खोली, खाट, उकळते पाणी वगैरे. सातवे असे की, दोन बाळंतपणांत अंतर कसे राखावे आणि पुरे झाल्यावर कसे थांबावे, हेही त्या सुईणीने बायांना शिकवावे. या गोष्टीला मराठीत शब्द आहे, पण तो उच्चारण्याचे धैर्य कमिटीत कोणाला झाले नाही. त्यामुळे ती सगळीकडे 'सातवे कलम' या नावानेच वावरू लागली. वृद्ध सभासद तेवढेही म्हणताना छताकडे पाहत.

मी फॉर्म घेऊन पांझरेकाठच्या गल्लीत शिरलो. तुझ्या फॉर्मचा पहिला रकाना 'पतीचे पूर्ण नाव'. अक्का, तू इतकी वर्षे पुण्यात राहून खानदेश विसरलीस की काय? नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे म्हणजे बाईला आधी उखाणा रचायला हवा, आणि तो रचेपर्यंत शेजारच्या सहा जणी ऐकायला जमणार. दुसरा रकाना 'जन्मलेली अपत्ये', तिसरा 'मृत'. यशोदाबाई म्हणून एक शेतकरीण दारात भाकरी थापत होती. तिने पिठाचे हात कमरेवर ठेवले आणि मलाच विचारले, "मास्तर, तुले पोरे कितला शेतस, ते पह्यले सांग." मी म्हटले, चार. "आनी गयात कितला?" मी पाठ म्हणावे तसे म्हटले, गेलेली दोन. ती म्हणाली, "तुनी बाईले इचारं का?" गल्लीभर हशा पिकला. मीही हसलो. (स्वतःच्या घरातले विचारायचे काय? मला ठाऊकच होते.) पाच दिवसांत तीन फॉर्म भरले. त्यांतला एक नवऱ्याने परस्पर भरून दिला. त्यात सर्व रकान्यांत मिळून 'तक्रार नाही' एवढेच होते.

मला वाचवले ते भागाबाईने. ही आमच्या पेठेतली जुनी सुईण, अर्धी पेठ हिच्या हातावर आली आहे, माझी मुलेही. शिकलेली सुईण आली की पोटावर पाय येणार तो हिच्याच, म्हणून मी तिची गल्ली टाळून जात असे. तिनेच मला रस्त्यात अडवले, हातातल्या दोनशे कागदांकडे पाहिले आणि म्हणाली, "बाई तोंडे बोलस नही, भाऊ. तिना हातले इचार." मग तिने आपली युक्ती सांगितली. प्रत्येक बाईने आपल्याच जुन्या लुगड्याची चिंधी फाडायची. जेवढी मुले जिवंत, तेवढे ज्वारीचे दाणे तीत टाकायचे. जेवढी गेली, तेवढी सरकी, मग ती पोटातच गेलेली का असेनात. आणि आता पुरे असे वाटत असेल तर एक चिंचोका. नाव नाही, गाव नाही, नवरा नाही. पुरचुंडी बांधून पदराआडून भागाबाईच्या टोपलीत. (निरक्षर मतदारांसाठी गेल्या निवडणुकीत रंगीत पेट्या ठेवल्या, त्याचे केवढे कौतुक झाले! पण यांतल्या बहुतेकींना त्या पेटीपाशीही कोणी बोलावले नव्हते.) मी तिला बजावले की आमचे घर तेवढे वगळ, तिथले मला माहीत आहे. तिने मान हलवली. सुईणीने मान हलवली म्हणजे ती ऐकते आहे असे नव्हे, हे मला आता कळले.

आठ दिवसांत बावन्न पुरचुंड्या आल्या. मी माडीवर दार लावून बसलो आणि एकेक सोडून तुझ्या फॉर्मांवर उतरवली. ज्वारी एकशे एक्केचाळीस. सरकी एकशे अठरा. चिंचोके चाळीस, टाकणाऱ्या बाया मात्र एकोणचाळीस. (हा हिशेबातला दोष नाही. खुलासा पुढे.)

सभेत मी फॉर्म वाचायच्या आधी ज्वारी, सरकी आणि चिंचोके वेगवेगळे मांडलेले ताट पुढे ठेवले. रतिलालशेठ आयुष्यभर सरकीत वाढलेले. त्यांचा हात आपोआप तिकडे गेला. दोन-चार बिया तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळत म्हणाले, "माल चोख आहे, मास्तर. कुठल्या जिनचा?"

मी म्हटले, "शेठजी, ती गेलेली मुले आहेत. या एका पेठेतली, बावन्न घरांतली."

शेठ तोंडातले पान चावायचे थांबले. त्यांचे ओठ हलत होते, मला वाटते तेही घरातले काही मोजत असावेत. मग मूठ तशीच मिटून म्हणाले, "कलम वाचा." सहा कलमे एकमताने पास झाली. शिकलेली सुईण येत्या पाडव्यापासून येते, आणि भागाबाईला तिच्या हाताखाली घ्यावे हेही शेठनीच घालायला लावले. (भागाबाईने उलट विचारले, "हाताखाले काब्र? मी शिकाडसू तिले.") सातव्या कलमापाशी सर्वांना छताची आठवण झाली आणि ते पुढच्या वर्षावर गेले. घरी येऊन सरकी डब्यात भरताना पुन्हा मोजली, ती एकशे सतराच भरली. एक शेठच्या मुठीत राहिली. मी मागायला गेलो नाही.

तर अक्का, हे सारे तुझ्यामुळे झाले. तुझे फॉर्म पहिल्या रकान्यात अडकले नसते तर मी भागाबाईपर्यंत पोचलो नसतो. भागाबाईचे आणि त्या बावन्न जणींचे ऋण वेगळेच. मुलांचा तुला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवायला जागा उरली असेल तर वाढवावा.

तुझा धाकटा,
पंडित

ता. क. वर 'सर्व खुशाल' लिहिले ते सवयीने. सदतिसावी पुरचुंडी सोडताना चष्मा धूसर झाला म्हणून पुसायला घेतला. पुसायचे फडके सौ.नेच करून दिलेले, जुन्या अंजिरी लुगड्याचे. एका हातात ते फडके, दुसऱ्या हातात ती चिंधी. अंजिरी रंग तोच, काठ तोच, फाडल्याच्या रेघासुद्धा एकमेकींशी जुळत होत्या. आत ज्वारीचे चार दाणे. सरकी तीन, मला ठाऊक होत्या दोनच. मी नाशिकला परीक्षक म्हणून गेलो होतो, त्या महिन्यात ती भडगावला माहेरी होती आणि 'ताप आला होता' असे मला सांगितले होते. आणि चिंचोके दोन. पुनरुक्ती हा दोष आहे असे मी वीस वर्षे वर्गात शिकवत आलो आहे.

ता. क. २. हे पत्र लिहायला बसलो तो एवढ्याचसाठी, आणि चार पाने कमिटीतच हिंडलो. कमिटीने सातवे कलम पुढे ढकलले तरी ते माझ्या घरी यंदाच लागू करायचे आहे. वच्छलेला चैत्रात तुझ्याकडे पाठवतो. तिला तपास, आणि जे शिकवायचे ते शिकव. त्यात पुरुषानेही शिकण्याजोगे काही असेल तर मीही येतो. मागच्या बाकावर बसेन.

ता. क. ३. पाकीट बंद करण्याआधी पत्र तिला वाचून दाखवले. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, "पाठवतो म्हणून लिहिलंत. मला जायचंय का, ते विचारलंत का?" यशोदाबाई आठवली. विचारले. ती आत गेली, डब्यातून एक चिंचोका आणून पत्रावर ठेवला. तो सोबत आहे. सही समजावी.